कनातीबाहेरचा आवाज

गेल्या माघात खडवलीच्या पुढच्या उन्हाळ्यावर गेलो होतो. उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा. आमच्या भागातली जुनी माणसं अजून तसंच म्हणतात. भातसा नदीच्या काठी, करंजाच्या झाडांखाली एक दगडी कुंड आहे. तळातून बुडबुडे येतात, पाण्यावर वाफ असते आणि गंधकाचा वास पार वाटेपर्यंत येतो. आता तिथे सिमेंटची भिंत घालून कुंडाचे दोन भाग केले आहेत. एका बाजूला निळ्या रंगात ‘स्त्रियांसाठी’ असं लिहिलं आहे आणि लोखंडी दार आहे. माझी बायको आणि मुलगी त्या दारातून आत गेल्या, आतून कडी लावली. मी बाहेर उभा राहिलो.

थोड्या वेळाने मुलगी आतून म्हणाली, "बाबा, आहात ना बाहेर?"

"आहे," मी म्हणालो. पुढे काय बोलावं ते सुचेना.

दत्तूअण्णांना सुचलं असतं.

दत्तूअण्णा शिंपी. कल्याणला पारनाक्याजवळ आमची चाळ होती, तिच्या जिन्याखालच्या जागेत त्यांचं दुकान. एक पायमशीन, एक पाट, कोळशाची इस्त्री आणि भिंतीला खुंट्या, एवढाच पसारा. माणूस बारीक, खांदे पुढे आलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने गुंडाळलेली. गळ्यात टेप. तो टेप ते लग्नाला जाताना काढत नसत आणि मयतीला जातानाही काढत नसत. एकदा स्मशानात कुणीतरी खुणावलं, तेव्हा त्यांनी तो सदऱ्याच्या आत सारला, इतकंच.

माणसांविषयी ते कपड्यांच्या भाषेत बोलत. चाळीचे मालक ‘काखेत घट्ट’. माझे कचेरीतले साहेब ‘नुसतं अस्तर’. आणि मी? "कापड चांगलं आहे तुझं वसंता, पण अजून बेतलेलं नाही."

शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, इतकी सोडत, की पोरगं दोन वर्षांनी वाढलं तरी तीच चड्डी मोठी करून मिळे. कुणी म्हणालं, अण्णा, बाही आखूड झाली हो, की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "बघू. उसवता येतं." हे त्यांचं पालुपद. कुणाचं जमलेलं लग्न मोडलं, दोन भाऊ बोलेनासे झाले, रेशनला जोंधळा सडका आला, तरी "बघू. उसवता येतं." लोक हसत. मीही हसत असे.

ती स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत निर्वासित कुटुंबं येऊन राहिली होती. त्यातली एक म्हातारी सिंधी आजी एकदा आपली विटकी सलवार घेऊन आली आणि अशीच दुसरी हवी, असं हातांनी सांगू लागली. अण्णांनी आयुष्यात सलवार शिवली नव्हती. त्यांनी ती जुनी सलवार टाका टाका उसवली, जमिनीवर पसरून न्याहाळली, होती तशी परत शिवली आणि मग नवी बेतली. नवी पाहून आजी कितीतरी वेळ आपल्या भाषेत बोलत राहिली. अण्णा मान डोलवत होते. ती गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"मला काय ठाऊक? पण खूप दिवस बोलली नव्हती, एवढं कळलं."

माझ्या आईला चाळीत सगळे माई म्हणत. संधिवाताने तिची बोटं आत वळली होती. भाकरी थापणं केव्हाच सुटलं होतं; पण तिला सगळ्यांत लागायचं ते केसांचं. स्वतःचा अंबाडा स्वतःला घालता येत नसे. शेजारची मुलगी शाळेला जाण्याआधी घाईघाईने घालून देई आणि आई मान खाली घालून बसे. मी ठाण्याला कचेरीत कारकून होतो. सकाळी निघायचो, दिवेलागणीला परतायचो. तेल आणायचो, काढे आणायचो, आणि आणून दिलं की माझं काम झालं असं मला वाटायचं. त्या वयात कळलं नाही असं म्हणालो तर ती सबब होईल. मी पंचवीस वर्षांचा घोडा होतो. कळायला हवं होतं.

एका थंडीत अण्णांनी मला जिन्यात अडवलं. "अरे, माईंना उन्हाळ्यावर ने की. रोज नको, रविवारी ने. गरम पाण्यात हात सुटतात."

"तुम्ही येता?"

"येतो. वाट मला ठाऊक आहे."

आम्ही तिघं निघालो. कसाऱ्याकडच्या गाडीने खडवलीपर्यंत, तिथून बैलगाडीने. भात कापलेल्या खाचरांतून वाल हिरवागार उभा होता. आई कितीतरी दिवसांनी चाळीबाहेर पडली होती; ती प्रत्येक झाडाकडे बघत होती. कुंडावर पोचलो तर आत सात-आठ पुरुष गळ्याइतक्या पाण्यात बसून मोठमोठ्याने गप्पा मारत होते. काठावर दोन-तीन बायका, पदर डोक्यावरून घेऊन. तिथली रीतच तशी होती. दिवसा पुरुष. बायकांनी हवं तर तांब्याने पाणी काढून आडोशाला पाय धुवावेत, नाहीतर दिवस मावळल्यावर उतरावं. मावळल्यावर परतीची गाडी नाही, त्यामुळे बाहेरगावची बाई कधी उतरतच नसे.

आई म्हणाली, "तू ये जाऊन. मी बसते इथे."

आणि मी गेलो. कपडे आईच्या मांडीवर ठेवले आणि पाण्यात उतरलो. अंग कसं सैल पडलं! अर्ध्या तासाने लालबुंद होऊन वर आलो आणि तिला म्हणालो, "आई, पाणी काय झकास आहे!"

"हो का," ती म्हणाली.

अण्णा पाण्यात उतरलेच नव्हते. "बोटं मऊ पडतात, मग सुई टोचते," असं म्हणून ते करंजाखाली बसून राहिले होते. कुंडाचा गुरव, नामा त्याचं नाव, त्यांना कुंडाचा इतिहास सांगत होता. हा इतिहास नामा दर खेपेला वेगळा सांगे. कधी कुंड पांडवांनी बांधलेलं असे, कधी पेशव्यांच्या जखमी शिपायांसाठी, तर कधी कुणा साहेबाने इथलं पाणी बाटल्यांत भरून विलायतेला नेलेलं असे. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "या सगळ्यांच्या बायका कुठं बसायच्या?"

नामा म्हणाला, "ते काय माहीत नाय बा."

खडवली स्टेशनात गाडीला वेळ होता. आई बाकावर डोळे मिटून बसली होती. अण्णा मला जरा बाजूला घेऊन गेले. त्यांची बायको सरस्वतीबाई; आम्ही चाळीत येण्याआधीच त्या वारल्या होत्या. त्यांच्याविषयी अण्णा कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"तिलाही घेऊन येत होतो मी इथं. तीही अश्शीच बसायची, माझे कपडे मांडीवर घेऊन. मी आपला गळ्यापर्यंत पाण्यात. वर आलो की सांगायचो, पाणी काय झकास आहे. ती म्हणायची, हो का." मग म्हणाले, "गुडघे तिचे सुजलेले होते वसंता. माझे नव्हते."

अण्णांनी बाकावरच्या आईकडे पाहिलं.

"ती गेल्यापासून मी काही त्या पाण्यात पाय घातला नाही. सुईचं आपलं लोकांना सांगायला." आणि एकदम आवाज बदलून म्हणाले, "पण माई उतरल्या पाहिजेत. काय करायचं ते बघू."

त्या आठवड्यात त्यांनी गिऱ्हाइकांना उडवून लावलं. छावणीतल्या जुन्या तंबूंचं खाकी कापड बाजारात विकायला येत असे, ते आणलं. जाड, वंगणाचा वास येणारं. मशीनवर सुया मोडल्या, मग हाताने शिवलं. कुंडाभोवती आडोशाला कनात करायची होती; बांबू घालायला जागोजाग नेफे केले. मी रात्री जेवून खाली गेलो की म्हणायचे, "धर तिकडून. नीट धर, अस्तरासारखा लोंबकळू नकोस."

पुढच्या रविवारी बैलगाडीतून आम्ही ती कनात नेली. नामा आडवा आला. "देवाच्या पान्याला कापडाची भिंत? माज्या बापजाद्यानं नाय पाह्यली."

अण्णा वाद घालत बसले नाहीत. "दुपारपर्यंत ठेवतो. उन्हं डोक्यावर आली की काढतो. आवडलं नाही तर परत आणणार नाही."

"आन् ही पुरुस मानसं?"

"ती बघतो मी."

नामा काही म्हणणार, इतक्यात त्याची बायको चांगुणा लुगडं खांद्यावर टाकून देवळामागून आली आणि आईच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तू कुठं चालली गं?"

"न्हावाला," चांगुणा म्हणाली. "जलम गेला या काठाव. नाकानं वास घेतला पान्याचा, अंगाला नाय लावला. आज लावतेय."

नामाने बांबू हातात घेतला. मग मुकाट्याने ठोकू लागला.

कनात उभी राहिली. कुंडाच्या चारी बाजूंनी, पुरुषभर उंच, एकसंध, कुठे सुरकुती नाही. अण्णांनी मागे सरकून चष्मा पुसला आणि पाहिलं. आई आणि चांगुणा कनातीला वळसा घालून गेल्या. आल्या. पुन्हा गेल्या. मग आईने हळूच विचारलं, "अण्णा, आत कुठून जायचं?"

अण्णांनीही एक फेरी मारली. दार ठेवायचं विसरलं होतं. कुंडाचा घेर मोजून, टोकाला टोक जोडून त्यांनी कनात गोल शिवून टाकली होती.

नामा गुरव पोट धरून हसला. "शिंप्यानं गळ्याबिगर सदरा शिवला की रं!" पाण्यातून बाहेर काढलेले पुरुष हसले, बैलगाडीवाला हसला, चांगुणा पदर तोंडाला लावून हसली. अण्णांचा चेहरा पार उतरला होता. मग आई म्हणाली, "असू दे अण्णा. उसवता येतं."

ते आईकडे बघतच राहिले. मग खिशातून पातं काढून त्यांनी जोडाची शिवण उसवली. माया भरपूर सोडलेली होती, म्हणून दोन्ही टोकं एकमेकांवर आली आणि फट राहिली नाही. त्या दिवशी आईने कापड आतून हाताने धरून ठेवलं. पुढच्या रविवारी अण्णांनी तिथे काजं करून पितळी बटणं लावून आणली होती, जुन्या लष्करी कोटांची. बटणं आतल्या बाजूला. "बाहेरून कुणाला उघडता येता कामा नये," ते म्हणाले.

पुरुषांची व्यवस्था त्यांनी अशी केली की सगळ्यांना नदीकडे तोंड करून ओळीने बसवलं. एक गृहस्थ तणतणत होते, "आम्ही काय इथे वाट बघत बसायला आलो?" अण्णांनी त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. "सदरा खांद्यातून उतरतोय तुमचा. काढा, तोवर टाका घालून देतो." हां हां म्हणता अण्णांपुढे सदऱ्यांचा ढीग. कुणाचं बटण, कुणाची उसवलेली काख. उघड्या अंगाने ऊन खात बसलेली ती माणसं पुढे पुढे मुद्दाम फाटके कपडे घालून यायला लागली.

आणि अण्णा बोलत. कनातीला पाठ करून, मांडीवर कुणाचा तरी सदरा, हातात सुई, आणि तोंड अखंड चालू. आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "आता पलीकडच्या काठाला एक म्हैस आलीय बरं का. उतरू की नको, उतरू की नको चाललंय तिचं. उतरली! मागून तिचं रेडकू. तुम्ही बसा निवांत. आता एक खंड्या आला. बसला काठीवर. मासा काही मिळत नाही त्याला..."

मी एकदा म्हणालो, "अण्णा, घसा बसेल. जरा गप्प बसा की."

"अरे, गप्प माणसाची बायकांना भीती वाटते. तो कुठं उभा आहे, कुठं बघतोय, कळत नाही. बोलणारा माणूस कुठं आहे ते कळतं. माझा आवाज नदीकडे जातोय, हे त्यांना आत समजतं. मग त्या मोकळ्या बसतात."

त्या पहिल्या दिवशी बराच वेळ कनातीआड नुसती शांतता होती. मग पाण्याचा आवाज. मग चांगुणा काहीतरी बोलली आणि माझी आई हसली. वडील गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. अण्णांची सुई हवेत थांबली. पुन्हा सुरू झाली. "हां, तर म्हैस..." ते म्हणाले, पण आवाज जरा बसला होता.

आईचा आजार बरा झाला असं मी म्हणणार नाही. तसा तो होत नाही. पण त्या हिवाळ्याच्या शेवटी, होळीच्या सुमाराला, मी कचेरीत जायला निघालो तर आई आरशासमोर उभी होती, हात डोक्यामागे. अंबाडा जरा डावीकडे कललेला होता. "दिसतोय ना बरा?" तिने विचारलं. मी बरा आहे म्हणालो. दुपारपर्यंत सुटला असणार. तिने पुन्हा घातला असणार.

पुढची कितीतरी वर्षं हिवाळ्यातले रविवार असेच गेले. आईबरोबर चाळीतल्या बायका, मग गल्लीतल्या. एकदा ती सिंधी आजीसुद्धा. आजीला अण्णांचं बोलणं कळत नसे, तरी ते थांबले की ती आतून हाक मारी. चांगुणा त्यांची थट्टा करी, "शिंपीबाबा, एवढ्या म्हशी आमच्या गावात नाय हो! कुठनं आनता?" अण्णा म्हणत, "मी दिसतं ते सांगतो." आई दर वेळी बाहेर आली की विचारी, "अण्णा, तुम्ही?" आणि ते म्हणत, "मला शिवायचंय, माई. बोटं मऊ पडतात." खरं काय ते मी आईला सांगितलं होतं. म्हणूनच ती दर वेळी विचारत होती.

मग माझं लग्न झालं. रोजचं जाणं-येणं नको म्हणून ठाण्याला खोली घेतली आणि आईलाही घेऊन गेलो. रविवार कमी झाले. एक हिवाळा तर कोरडाच गेला. कल्याण काही लांब नव्हतं. लांब मीच होतो.

जुन्या शेजारणीकडून आईला कळलं, अण्णांनी दुकान बंद केलंय. बोटं आखडली आहेत. सुई सोडा, स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नाही. आईने त्या दिवशी जेवताना मला सांगितलं नाही, विचारलंही नाही. फक्त म्हणाली, "रविवारी कल्याणला जायचंय. आणि मग पुढे."

अण्णा जिन्याखाली पाटावर बसले होते. मशीनवर चादर. गळ्यात टेप. सदऱ्याला वरची दोन बटणं नव्हती, म्हणजे होती, पण लावलेली नव्हती. आई समोर जाऊन उभी राहिली.

"चला."

"कुठं माई?"

"पाण्यात."

"छे. मी कशाला? बोटं मऊ पडतात..."

"पडू देत. आता कुठे सुई धरायचीय?"

हे कठोर होतं. माझी आई कधी असं बोलत नसे. अण्णा हसल्यासारखं करून मशीनकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "माई, ती काठावरच बसली होती हो."

"ठाऊक आहे मला. मीही बसले होते." आई खाली पाटाजवळ बसली. "तुम्ही बाहेर बसलात म्हणून आम्ही आत गेलो. एवढ्या बायका गेल्या. त्यांच्यातली एक कुणीतरी असेल सरस्वतीबाईंच्या वाटची. आता मी बाहेर बसते. उठा."

कनात नामा गुरवाच्या पडवीत गुंडाळून ठेवलेली होती. उंदरांनी एका कोपऱ्यात कुरतडली होती, पण बाकी धड. पुरुषांना कनात कशाला, असं कुणी विचारलं नाही. नामाने आणि मी बांबू ठोकले. नामाही आता म्हातारा झाला होता. कसलाही इतिहास सांगितला नाही त्याने.

मी अण्णांना धरून आत नेलं. आत आल्यावर ते वळले आणि बटणं लावायला लागले, सवयीने. पितळी बटण काजात जाईना. बोटं वळत नव्हती. मी थोडा वेळ बघितलं, मग पुढे होऊन एकेक लावलं. त्यांनी मला लावू दिलं.

पायरीवर ते थांबले. पाय पाण्यापाशी नेला आणि मागे घेतला. बाहेर शांत होतं. आत वाफ, बुडबुडे, गंधकाचा वास. ते कनातीच्या कापडाकडे बघत होते, आपणच घातलेल्या टाक्यांकडे.

तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला. कनातीला पाठ करून, नदीकडे तोंड करून बसली होती ती. चारचौघांत माझ्या आईने कधी आवाज चढवला नव्हता. आधी तो जरा कापला.

"आता... पलीकडच्या काठाला एक म्हैस आलीय बरं का." मग मोठ्याने, "उतरू की नको, उतरू की नको चाललंय तिचं."

अण्णांनी माझा दंड घट्ट धरला. पाय पाण्यात गेला. मग दुसरा. मग ते हळूहळू बसत गेले, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. टेप काढायचा राहून गेला होता; तो पाण्यावर तरंगू लागला. त्यांनी आखडलेले हात पाण्याखाली पसरले आणि डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी येत होतं; वाफेने असेल म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

त्या वेळी बघितलेले अण्णा हेच माझ्या लक्षात राहिलेले शेवटचे. उन्हाळा लागायच्या आत ते गेले. पुन्हा आणायचं ठरलं होतं, मीच पुढे ढकलत राहिलो.

पण त्या सकाळी कसली घाई नव्हती. बाहेर आई बोलत होती. खंड्या आला होता, काठीवर बसला होता, त्याला मासा मिळत नव्हता. मी दोन बटणांमधलं कापड जरा बाजूला करून बाहेर पाहिलं. नदी पार रिकामी होती. ना म्हैस, ना रेडकू, ना पाखरू. ऊन तेवढं पडलेलं.

अण्णांनी डोळे न उघडता विचारलं, "माई, म्हैस पोचली का अलीकडे?"

"नाही अजून," आई म्हणाली. "मधेच बसलीय. तुम्ही बसा निवांत."